तानुबाईचा बिल्ला

देऊळघाट,
रविवार

प्रिय प्रेरणा,

आत्यानं फोन सोडून कागद कशाला काढला, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करतेस आणि अडचणीचं काही निघालं की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. शिवाय आज खदानीवरचा माझा गिट्टीचा क्रशर बंद आहे. पट्टा तुटला, आणि चिखलीचा मिस्त्री 'निघालोच' म्हणून सकाळपासून निघतोच आहे. त्यामुळे मला कधी नव्हे ती फुरसत आहे. तुझ्या बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते तुला कळलंच असेल. अमडापूरला राहिला तर पट्टी बांधून शेतात जाईल, म्हणून मी त्याला उचलून माझ्याकडे आणलाय. एका डोळ्यावर पट्टी आहे आणि दुसरा डोळा आधीच मंद. बसल्याजागी सगळ्यांवर हुकूम सोडतो.

आता मुद्द्याचं. महिनाअखेरपर्यंत तुला संमतीच्या कागदावर सही करायची आहे. मँगनीजच्या त्या खाणीत खाली उतरायचं, की वर ऑफिसात नकाशे काढत बसायचं, हे त्यांनी तुझ्यावर सोडलंय. तिघीजणी झाल्याशिवाय बायकांची पाळी खाली लावत नाहीत, हे तूच सांगितलंस. दोघींनी सह्या केल्या आणि तिसरी तू. तू नाही म्हटलंस की त्या दोघीही वरच राहणार. आणि इकडे तुझ्या बाबाचं, आमच्या महादेवाचं, एकच पालुपद चाललंय, 'माह्या पोरीले मी जमिनीखाली जाऊ देत नाई.' मला धाकटा आहे, पण हट्टाला थोरला.

त्याच्यावर चिडू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हा वावरातली विहीर खोदताना एक बाजू ढासळली आणि तो छातीपर्यंत मातीत गाडला गेला. शेजारच्या वावरातल्या पंजाबरावानं आणि गावच्या लोकांनी हातांनी माती उपसून त्याला काढला, कारण फावडं घालायची सोय नव्हती. त्या दिवसापासून तो कुठल्याही विहिरीत डोकावलेला नाही. मोटर बिघडली तरी काठापासून लांब उभा राहून गड्याला विचारतो, पाणी किती आहे म्हणून. हे तो तुला सांगणार नाही. 'खाणीतलं काम बाईमाणसाचं नाई' असं म्हणेल, कारण ते म्हणायला सोपं पडतं.

बाईमाणसाचं नाही म्हणे. याच्या सख्ख्या आजीनं, तानुबाईनं, अर्धी जवानी जमिनीखाली काढली. कापसाला कोणी विचारेना तेव्हा ती आणि आजोबा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेले. आजोबा कोळसा फोडायचे, ती टोपलीनं उचलून रुळावरच्या डब्यात भरायची. डबा आजोबांच्या नावावर चढायचा. तेव्हा खाणीत अशी जोडप्यानंच कामं चालायची, आणि एका माणसाच्या मजुरीत दोन माणसं राबतात म्हणून मालक लोक खूश असायचे. मग सदतीस साली बायकांना खाली बंदी झाली. बंदी अगदीच वाईट नव्हती, खरं सांगते. खाली बाळंतपणं होत, तान्ही पोरं अंधारात निजवलेली असत. पण सहाच वर्षांनी लढाईत कोळसा कमी पडायला लागला आणि त्याच सरकारनं बायकांना पुन्हा खाली बोलावलं. लढाई संपली, शेचाळीस साल उजाडलं, की परत, बाई गं, तू नाजूक, वर ये. तानुबाई म्हणायची, 'कोयशाले भाव आला का बाई मजबूत होते, अन् भाव पडला का नाजूक होते.' तुमच्या कॉलेजात खाणीचं अर्थशास्त्र शिकवतात ना, त्यात हे कुठं आहे का बघ.

तिच्या खाणीत बिल्ल्याची पद्धत होती. उतरताना आपल्या नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि वर आल्यावर मुनशीकडे जमा करायचा. बिल्ला जमा नाही म्हणजे माणूस खाली आहे. तो वर येईपर्यंत दिवे विझवायचे नाहीत आणि त्याला शोधायचं, असा नियम. बायकांचा शेवटचा दिवस झाला तेव्हा तानुबाई वर आली, हात धुतले, मैत्रिणींच्या गळ्यात पडली आणि बिल्ला कमरेला खोचून थेट स्टेशनवर गेली. आजोबा आधीच बोचकी घेऊन तिथं बसलेले. ती गाडीत फुटाणे खात होती आणि खाली खाणीत चार माणसं दिवे घेऊन 'तानुबाई, वो तानुबाई' करत हिंडत होती. पुढं महिनाभरानं गावचा एक जण परतला तेव्हा हे कळलं. घरात सगळे सांगतात की बिचारी बिल्ला द्यायचा विसरली. मला विचारशील तर विसरणाऱ्यातली ती नव्हती. 'काऊन दिला नाई?' म्हणून मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, 'देला असता तर मंग सपलंच असतं.'

तो बिल्ला गेली चाळीस वर्षं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. मलाही खाणीचंच शिकायचं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. दहावीला गणितात तालुक्यात माझं नाव होतं. बाबांच्या मागं लागून नागपूरला गेले, खाणकामाच्या डिप्लोमाची चौकशी केली. तिथला माणूस भला होता, पाणीबिणी विचारलं आणि म्हणाला, ताई, बाईला खाली उतरायला कायद्यानं मनाई आहे, उतरल्याशिवाय पुढचं सर्टिफिकेट नाही, तुम्ही शिवणकाम बघा. मी रडले वगैरे नाही. मला राग आला, आणि माझा राग लवकर जात नाही. लग्न होऊन देऊळघाटला आले तर सासरच्या बरडावर काळा दगड उघडा पडलेला. सासरे कपाळाला हात लावून बसलेले, की इथं कुसळही उगवत नाही. मी म्हटलं, मामंजी, पीक तर वर येऊन उभं आहे. जमिनीखाली मनाई असेल, उघड्या खदानीला तर नाही ना. तिथंच खदान काढली. सुरुंगाचा बार देताना लोक लांब पळायचे आणि मी घड्याळ बघत उभी असायचे. आज चिखलीच्या रस्त्यात माझी गिट्टी आहे. त्या रस्त्यावरून एसटीनं येशील तेव्हा गाडी धडधडली नाही तर समज, तुझी आत्या खाली आहे.

आणि एक गंमत सांगते. माझ्या क्रशरचा जबडा कशाचा आहे माहीत आहे? मँगनीजच्या पोलादाचा. साधं पोलाद आमच्या दगडापुढे महिन्यात हात टेकतं. हे मात्र जेवढा मार खातं तेवढं वरून कडक होत जातं. म्हणजे तुम्ही तिकडं खालून काढणार आणि ते माझ्या बरडावर येऊन दगड चावणार. तेव्हा तू ऑफिसात बसलीस तर माझंही नुकसान आहे, हे ध्यानात ठेव.

दिवाळीत तू मला गुपचूप सांगितलंस की ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा खाणीत उतरायचा पिंजरा खाली सुटला तेव्हा तुझ्या पोटात गोळा आला, आणि आपल्यात दम नाही असं वाटलं. अगं, ज्याला गोळा येत नाही त्याला मी माझ्या खदानीत उभं करत नाही. असा माणूस फुसका गेलेला बार बघायला लगेच धावतो आणि मरतो. भीती बाळग, पण तिला कामाला लाव. छत ठोकून आवाज ऐकल्याशिवाय त्याच्याखाली उभी राहू नकोस. भरीव वाजलं तर पुढं जा, पोकळ वाजलं तर साहेब असला तरी त्याचा हात धरून मागं ओढ. दोन हजार एकोणीस साली कायदा बदलून बायकांना खाली मोकळीक मिळाली तेव्हा तू बारावीत होतीस. माझ्या वेळी बंद असलेलं दार तुझ्यासाठी उघडलंय आणि तू उंबऱ्यावर चपला काढत बसली आहेस. भाव पडला की पुन्हा कोणाला तरी बाई नाजूक वाटायला लागेल. त्याच्या आत तुम्ही तिघी खाली इतक्या पक्क्या व्हा, की वर या म्हणायची कोणाची छाती होऊ नये.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. तुझ्या बाबानं लिहायला लावलं. सकाळपासून माझ्यासमोर खाटेवर बसलाय. 'अक्का, फोन ते कापते, कागद कापता येत नाई. माह्याकडून लिहा, ऑफिसातच बस म्हणा, बापाची आण घाला.' मी हो म्हटलं आणि लिहीत बसले. त्याला अक्षर दिसत नाही, त्यामुळे नुसता माझा हात भराभर चालतोय बघून तो समाधानानं मान हलवत होता. फसवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आत्ता हे सगळं, विहिरीसकट, त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, काठी उचलतो. तर त्यानं माझा जुडगा मागितला, चाचपून बिल्ला शोधला आणि अंगठ्यानं त्याच्यावरचा नंबर घासत बसला. मी म्हटलं, आण, पाकिटात टाकते. तर देईना. म्हणाला, 'पोस्टात गहाय होते. पट्टी निंघाली का मीच घेऊन जातो. सकायी तिच्या हातात देतो अन् दिवसभर तिथंच फाटकावर बसतो. पण तिले लिहा, संध्याकायी येतानी माह्या आजीलेबी वर घेऊन येजो म्हणा.' सही कर आणि पाळी सुटायची वेळ कळव.

फाटकावर तुझ्या बापाशेजारी बसणारी,
तुझीच
पुष्पांजली आत्या