बारा भागांच्या खुनाची तपासणी

२ जून

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी आगपेटीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे मोठा नसलो तरी माझ्या सहीशिवाय या भागात कोणाची शेगडी पेटत नाही.

आज जेवताना कन्येने विषय काढला. चित्रकथांची एक मालिका आहे म्हणे, बारा भागांची, गुन्हेगारी, फार गाजलेली. एका बंदराच्या गावात बँक मॅनेजरचा खून होतो आणि कायम सर्दी झालेला एक इन्स्पेक्टर खुनी शोधत हिंडतो. कन्येच्या मैत्रिणीकडे बाराही भाग आहेत. एक जुलैला ती हॉस्टेलवर जाणार. त्याआधी आपण दोघं लहानपणीसारखं मोठ्याने वाचू या, आवाज तू काढायचे, असं म्हणाली.

लहानपणी तिला चित्रकथा मीच वाचून दाखवायचो, सगळ्यांचे आवाज काढून. कोल्हा तर असा काढायचो की शेजारचे चौकशीला यायचे.

मी म्हटलं, एवढ्यात आणू नकोस. गाजतात तर घोटाळेही. आधी तपासतो, वाचण्याच्या लायकीची आहे का ते ठरवतो. आठ दिवसांत निकाल.

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पोळी वाढली.

३ जून

मतं गोळा करायला सुरुवात. स्टोअरकीपरने मालिका दोनदा वाचली आहे. ग्रेट आहे म्हणाला. याच गृहस्थाने मागे ग्रेट म्हणून मला एक चप्पल घ्यायला लावली होती, आठवड्यात अंगठा तुटला. मत रद्द.

मॅनेजर साहेबांना विचारलं. चित्रांची पुस्तकं पोरासोरांसाठी असतात, आपल्याला कामं आहेत, असं म्हणाले. त्यांच्या ड्रॉवरमधून चौथा भाग डोकावत होता. हेही मत रद्द.

ठरलं. स्वतः तपासल्याशिवाय शिक्का नाही.

५ जून

नशीब बघा. चौकातल्या सलूनमध्ये बाराही भाग फळीवर हजर. सलूनवाल्याने थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेत. या माणसाला मी मनातल्या मनात कात्री म्हणतो.

पद्धत कारखान्याचीच. प्रत्येक काडी ओढून बघितली तर विकायला राख उरेल. म्हणून खोक्यातून मधूनच एखादी पेटी उचलायची, पेटीतल्या चार काड्या ओढायच्या, पेटल्या तर बॅच पास. शितावरून भाताची परीक्षा. तसंच इथे. कुठलाही भाग, कुठलंही पान.

तिसरा भाग उघडला. इन्स्पेक्टर शिंकतो. सातवा उघडला. इन्स्पेक्टर शिंकतो. पाचव्यात धुकं, चार माणसं, कोणी शिंकत नाही. शेरा: शिंका फार.

केस कापून घेतले. वाढलेच होते.

८ जून

पुन्हा सलून. परवाच तर कापलेत, असं कात्री म्हणाला. कानामागे राहिलेत, असं मी सांगितलं. माझ्या पुढे दोघे होते. माझा नंबर आल्यावर तो मी मागच्या आजोबांना दिला, त्यानंतर त्यांच्या मागच्यालाही दिला. लोक म्हणतात माणुसकी उरली नाही.

दुसऱ्या भागात एक बेकरीवाली आहे. नजर सरळ नाही बाईची. नोंद केली.

आज सलग सहा पानं वाचून झाली. हे नियमात बसत नाही. सलग वाचलं की ते वाचन होतं, तपासणी राहत नाही. पण चूक माझी नाही, पंख्याने पानं उलटत होती.

१० जून

मुदत संपली. कन्येने निकाल विचारला. तपासणी चालू आहे, असं सांगितलं. मैत्रीण थांबली आहे, नको असतील तर ती दुसऱ्या कोणाला देईल, असं कन्या म्हणाली. मी म्हटलं, अति घाई संकटात नेई. ती म्हणाली, बाबा, गोष्ट वाचायची आहे, बॉयलर बसवायचा नाहीये.

मग तिला पद्धत समजावली. शीत आणि भात. भाताची सगळी शितं सारखी असतात, गोष्टीची नसतात, असं ती म्हणाली. शिकलेल्या मुली अशाच बोलतात. आपणच शिकवलं, आता ऐका.

१४ जून

मिशी गेली. कात्रीने विचारलं की आज काय, तेव्हा माझ्या हातात आठवा भाग होता आणि तोंडातून काहीतरी उत्तर जाणं भाग होतं. मिशी म्हणालो. लग्नाच्या फोटोत आहे ती. तशी जुनीच झाली होती.

जेवताना बायकोने हळूच विचारलं की ऑफिसात कोणी नवीन आली आहे का. तीन दिवसांआड सलून, पावडर, आता मिशी. मी म्हटलं, काहीतरीच काय. कन्येला इतकं हसू आलं की तिच्या नाकात पाणी गेलं. तपासणीची गोपनीयता पाळायची असल्यामुळे मी खुलासा केला नाही. 

१८ जून

कारखान्यात कटकट. मी पास केलेली एक बॅच परत आली. काड्या ओल्या, पेटत नाहीत. मी नमुने वरच्या खोक्यांतले घेतले होते आणि ओल खालच्या खोक्यांना होती. आता खोकी खालूनही ओली होतात हे मला स्वप्नात दिसणार होतं का? शिवाय हल्ली गिऱ्हाइकांना काडी ओढताच येत नाही.

मॅनेजर साहेब म्हणाले की वरवर बघायची सवय सोडा. ड्रॉवरमधून आता सहावा भाग डोकावत होता.

डोकं शांत करायला सलूनला गेलो. मशीन फिरवून घेतलं. उकाड्यात बरं.

२२ जून

तपासणी पूर्ण. अकराव्या भागाचं शेवटचं पान उघडलं आणि समोर बेकरीवाली, हातात बेड्या. नजर सरळ नाही हे मी दुसऱ्या भागातच ओळखलं होतं. कोणाला सांगून पटणार नाही.

बारावा भाग फळीवर नव्हता. कोणीतरी गिऱ्हाईक घरी घेऊन गेलंय. नसला तरी चालेल. खुनी सापडल्यावर मागे उरतात ते आभार आणि चहापाणी.

बाहेर पडताना कात्रीने आरसा धरला. डोकं गुळगुळीत झालंय. आपण हे कधी सांगितलं ते आठवत नाही. पानात होतो.

२६ जून

कन्येची बॅग भरणं चालू आहे. जेवताना तिने पुन्हा विचारलं. रविवार मोकळा आहे, जायच्या आधीचा शेवटचा, निदान पहिला भाग तरी वाचू, मैत्रिणीकडून तेवढाच आणते, असं म्हणाली.

मी उभा राहून निकाल दिला. बॅच फेल. कारण पहिलं, पानोपानी शिंका, नुसती जागा भरायला. कारण दुसरं, खुनी बेकरीवाली आहे, अकराव्या भागात पकडतात, वाचण्यासारखं काही उरत नाही.

कन्येने ताटातलं संपवलं. मग म्हणाली की खुनी कोण याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिला माझे आवाज ऐकायचे होते. ताट उचलून आत गेली.

बायकोने विचारलं, झालं समाधान? मी म्हटलं, सगळ्यांचा वेळ वाचवला. ती म्हणाली, कशासाठी वाचवलात?

उत्तर सुचलं की लिहीन.

२९ जून, रविवार

दिवस पूर्ण मोकळा. कन्या सकाळीच मैत्रिणींना भेटायला गेली. मी पंखा पुसला. घड्याळ पुसलं. आगपेट्यांच्या नमुन्यांचा खण लावला. खणात एक चित्रकथा निघाली, कोल्ह्याची, दोन पानं नाहीत आणि मुखपृष्ठावर दुधाचा डाग. परत ठेवली.

बाथरूममध्ये सर्दीवाल्या इन्स्पेक्टरचा आवाज सहज काढून पाहिला. उत्तम जमतो.

कन्या उशिरा आली, जेवूनच आली होती.

१ जुलै

कन्या गेली. बस वेळेवर सुटली, या एकाच दिवशी. चढण्याआधी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोचतंय म्हणाली. मी तिला डबा, औषधं आणि बारा आगपेट्या दिल्या. हॉस्टेलमध्ये काड्या ओढायला बंदी आहे, असं म्हणून आगपेट्या तिने परत दिल्या.

घर फार गप्प आहे. संध्याकाळी तीन ताटं घेतली, मग एक आत ठेवलं. बायकोने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

वाईट वाटतंय. लिहून टाकतो, नाहीतरी हे वाचणार कोण. आमच्याकडे ओढून बघितलेली काडी फेकतात. ती चांगली होती एवढंच कळतं, काडी काही परत मिळत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

असो. लवकर झोपणार.

६ जुलै

कन्येचा फोन. तिच्या खोलीतल्या मुलीकडे ती मालिका निघाली. सगळीकडे आहे मेली. चौघी रोज जेवण झाल्यावर मोठ्याने वाचतात. आवाज काढायला दुसऱ्या कोणाला येत नाहीत, सगळे हिलाच काढावे लागतात, घसा बसलाय.

आणि मग म्हणाली की बेकरीवाली खुनी नाहीच. बाराव्या भागाच्या पहिल्या पानावर तिला सोडतात. चुकून पकडलेली असते.

मी म्हटलं, मला तसा संशय होताच.

इन्स्पेक्टरला सर्दीच नसते म्हणे. त्याला मांजराचं वावडं असतं. ज्याच्या घरी मांजर आहे असा एक माणूस खोलीत असला की तो शिंकतो, नसला की नाही. इन्स्पेक्टरला स्वतःलाही ते शेवटी कळतं. कन्येला प्रत्येक शिंक खरी काढावी लागते, त्यामुळे कधी शिंकायचं आणि कधी नाही हे तिच्या ध्यानात राहिलं. तिसऱ्या भागातच चौघींनी त्या मांजरवाल्याला पकडलं. पानं गाळून वाचणाऱ्याला हे कळणं शक्य नाही, असं ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

मग खुनी कोण, असं मी विचारलं. सांगणार नाही म्हणाली. पहिल्या पानापासून वाच, मोठ्याने वाच, मग फोन कर. आणि हसली. परवा बसमध्ये चढताना हसली नव्हती.

७ जुलै

कारखान्यातून थेट सलून. कात्रीने मला खुर्चीत बसवलं, कापड बांधलं, डोक्याकडे बघितलं आणि विचारलं की साहेब, आता काय कापू. मी म्हटलं, मालिश करा. गेल्या खेपेला वस्तऱ्याने सोललेली कातडी अजून कोवळी आहे, तेल झोंबेल, असं म्हणाला. दाढी म्हटलं. दाढी नव्हती.

मग त्याने कापड सोडलं, फळीवरून पहिला भाग काढला आणि माझ्या हातात ठेवला. घरी न्या, सावकाश वाचा. गिऱ्हाइकं नेतात आणि आणून देतात, बारावा तुमच्याच मॅनेजर साहेबांकडे आहे. पहिल्या दिवशी मागितला असतात तर त्याच दिवशी दिला असता, ताकाला येऊन भांडं कशाला लपवलंत, असंही म्हणाला. बाकावरचे आजोबा मान हलवत होते. यांनाच मी नंबर दिला होता.

चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. मिशी असती तर सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कन्येच्या खोलीत बसलो. दार लोटलं. पान एक, मोठ्याने. बंदर, बँक, मॅनेजर पालथा पडलेला, आजूबाजूला चार माणसं. इन्स्पेक्टर आत येतो आणि शिंकतो. मी शिंकलो. पुढच्या चित्रात पुन्हा शिंकतो. पुन्हा शिंकलो, जरा जोरात, इन्स्पेक्टर जाड आहे म्हणून.

पहिल्याच पानावर शिंका आहेत आणि खोलीत चौघंच आहेत. खुनी कोण ते मला कळलंय. यावेळी मात्र कोणाला सांगणार नाही.

बायको स्वयंपाकघरातून आली. भर पावसाळ्यात डोकं भादरून हिंडलात, सर्दी होणार नाही तर काय, असं म्हणाली. गरम पाणी आणि गोळी पुढे धरली. खुलासा करायला गेलो तर मिशीपासून सगळं सांगावं लागलं असतं. गोळी घेतली. ती दारातच उभी राहिली, आणखी शिंका येतात का ते बघत.

पुढच्या चित्रात इन्स्पेक्टर शिंकतो. मनातल्या मनात शिंकलो आणि पान उलटलं.