नववं पान मी वाचलेलं नाही

तीर्थस्वरूप भाऊजींना दुकानातल्या स्टुलावरून साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की वाकलं की उठता येत नाही आणि उठलं की वाकता येत नाही. शेक घेता ना, की नुसतंच कण्हता? इकडे आमचं ठीक आहे (ठीक नाही, पण ते पुढे येईल). हिची तब्येत उत्तम, कारण माझ्यामुळे तिला आजारी पडायला सवड मिळत नाही. अक्काची चौकशी मात्र कशी करावी कळत नाही. सहा वर्षं केली नाही, आता एकदम केली तर तुम्हा दोघांनाही संशय येईल, तेव्हा घरातली बाकीची मंडळी बरी असतील असं धरून चालतो. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन कोण ऐकत असतं सांगता येत नाही. पाकीट मी स्वतः डिंकाने चिकटवलं आहे आणि जोडावर तिरकी सही ठोकली आहे. सही मधोमध सरकलेली दिसली तर समजा, कुणीतरी आधी हात मारला.

गोष्ट आहे दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांची. दुकान माझं, पण खोल्या वडिलांनी माझ्या आणि अक्काच्या नावाने ठेवल्या, हे तुम्हाला माहीतच आहे. आई गेल्यावर अक्काने खोल्यांची किल्ली मागितली. आईचं शिवणयंत्र आणि पत्र्याची पेटी बघायची होती तिला. मी म्हणालो, किल्ली एकच आहे. (चाळीस वर्षं कुलपं विकणाऱ्याच्या घरी कुलपाला एकच किल्ली! अहो, जगात कुठलंच कुलूप एकाच किल्लीनिशी येत नाही, आणि अक्का याच दुकानात किल्ल्यांचे जुडगे मोजत लहानाची मोठी झाली.) ती म्हणाली, मग ठेव तुझ्याकडेच, आणि जिना उतरली ती आजतागायत चढलेली नाही. मला वाटलं होतं, किल्ली दिली की खोल्या गेल्या. तेव्हापासून मी तिच्या वकिलाच्या नोटिशीची वाट बघतो आहे. नोटीस आली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. येत नाही, याचाच मला जास्त संशय यायला लागला. शेवटी ठरवलं, बहिणीने खोल्यांवर हक्क सांगितला तर आपण काय करायचं, ते आपणच आधी एखाद्या वकिलाला विचारून ठेवावं. हे तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

शेजारच्या शिंप्याने वकिलांच्या एका फर्मचं नाव सांगितलं. म्हणाला, पक्षकाराची गोष्ट या कानाची त्या कानाला कळू देत नाहीत. (तर मग त्याला कशी कळली, हे मी विचारायला हवं होतं.) गेलो. दारातच एक वही. तिच्यात नाव लिहायचं आणि लिहून झालं की वरून एक कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी कोण येऊन गेलं ते कळत नाही. जिथे एवढं झाकतात तिथे झाकण्यासारखंही बरंच असणार, असं माझ्या मनात आलं. आत टेबलं इतकी रिकामी की इथे कुणी काम करतं की नाही अशी शंका यावी. उठताना प्रत्येक जण कागद कपाटात टाकतो, संगणक झोपवतो आणि मगच पाणी प्यायला जातो. कोपऱ्यात एक यंत्र होतं. एक माणूस त्यात कागद घालत होता आणि खालून भुसा पडत होता. मी विचारलं, यात काय होतं? तो म्हणाला, ते सांगता आलं असतं तर यंत्रात कशाला घातलं असतं.

तिथे माहिती सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. हुद्दा लांबलचक आहे, मी त्यांना मनातल्या मनात कुलूपबाई म्हणतो. त्यांनी मला चार पानी पत्रक दिलं: तुमची कोणती माहिती घेतो, कशाला घेतो, किती वर्षं ठेवतो, कुणाला दाखवतो. वाचून माझा संशय दूर व्हावा अशी त्यांची अपेक्षा असावी. माझ्या डोक्यात या गोष्टी आल्याच नव्हत्या, त्या सगळ्या पत्रकामुळे आल्या. त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, तुमच्याच पत्रकात लिहिलंय की नाव ही वैयक्तिक माहिती आहे, मग ती अशी उघड्यावर कशी सांगू? पंधरा मिनिटं गेली. शेवटी कागदावर लिहून, घडी घालून दिलं.

बाई घडी घेऊन आत गेल्या आणि मी कपाटाकडे बघत बसलो. सगळ्या पक्षकारांच्या फायली ज्या कपाटात, त्याला लावलेलं कुलूप माझ्याच दुकानातलं होतं. हे कुलूप मी सायकलवाल्यांनासुद्धा विकताना दोनदा विचार करतो. बाई परत आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणून मी टेबलावरची टाचणी वाकवली आणि कुलूप उघडून त्यांच्या हातात दिलं. चार सेकंद लागले (पूर्वी दोन पुरत). कपाटात डोकावलो नाही, तेवढी सभ्यता माझ्यात आहे, आणि बाई मध्ये उभ्याही होत्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे वही काढून वेळ टिपून घेतली. हे लक्षण मला बरं वाटलं नाही.

आता खरं ऐका. या लोकांची एक रीत आहे. नवं काम घेण्याआधी त्यात ज्यांची ज्यांची नावं येणार ती संगणकात घालून बघतात, कारण एकाच भांडणातल्या दोन्ही बाजू एकाच फर्मने घेता येत नाहीत. माझं नाव घातलं, वरच्या खोल्यांचा पत्ता घातला, आणि जरा वेळाने एक वकीलसाहेब आले, हात पुढे करून पण नजर खाली ठेवून. म्हणाले, तुमचं काम आम्हाला घेता येत नाही. मी विचारलं, का? म्हणाले, कारण सांगता येत नाही. मी म्हटलं, म्हणजे कारण आहे. ते म्हणाले, आहे की नाही हेही सांगता येत नाही. भाऊजी, माणूस दार उघडत नाही तेव्हा आत कुणीतरी आहे एवढं कुलूपवाल्याला कळतं. माझ्या आधी त्या खोल्यांसाठी तिथे कोण जाऊन बसलं असेल? खोल्यांवर नावं दोन. एक तर मीच.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “सरळ अक्कांना फोन करून विचारा ना.” बायकांचं हे असंच असतं, कुठल्याही गुंतागुंतीच्या प्रश्नावर सोपा उपाय सुचवून मोकळ्या होतात. मी फोन केला नाही. मी ते चार पानी पत्रक पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्या पानावर सापडलं की आपल्याबद्दल त्यांच्याकडे जी काही माहिती आहे ती मागायचा प्रत्येकाला हक्क आहे. मग पक्षकार असो वा नसो. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन हजर झालो. तर म्हणतात, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? माझी माहिती मला देण्यासाठी त्यांना माझी आणखी माहिती हवी होती! फोटो दिला, सही दिली, जन्मतारीख दिली, घराचा पुरावा दिला. तीन आठवडे रोज टपालवाल्याची वाट बघितली. आमच्या दुकानासमोर एक गृहस्थ दोन दिवस मोटारीत बसून होते, त्यांच्यावरही लक्ष ठेवलं. (त्यांची बायको शिंप्याकडे माप द्यायला आली होती. दोन दिवस.)

पाकीट आलं. चौदा पानं. त्यातली सहा म्हणजे माझेच अर्ज आणि पुरावे, म्हणजे मी विचारलं नसतं तर फाईल निम्मीच राहिली असती. बाकीच्यावर जिथे दुसऱ्या कुणाबद्दल काही होतं तिथे काळी पट्टी. पहिल्या पानावर होतं, ‘गृहस्थ नाव सांगण्यास तयार नाहीत.’ चौथ्यावर, ‘टाचणीने कुलूप उघडले. आवाज झाला नाही.’ हे पान मी जपून ठेवणार आहे. आणि मग नववं पान. कुणीतरी फोनवर सांगितलेलं, फर्मने टिपून घेतलेलं, आमच्या पहिल्या भेटीच्याही दोन महिने आधीचं. सांगणाऱ्याचं नाव, गाव, नातं, सगळं काळं. इतकं काळं की कागद मागे फुगला होता. पण माझ्याबद्दलचं मात्र त्यांनी इमानदारीने तसंच ठेवलेलं: ‘स्वभावाने संशयी, मनाने वाईट नाही.’ ‘गुडघे दुखतात, कुणाला सांगत नाही. वरच्या जिन्याला कठडा बसवून घ्यावा.’ ‘सातव्या वर्षी पाण्याच्या टाकीत पडला होता, तेव्हापासून कुणी बाहेर काढायला हात दिला तरी आधी ओरडतो.’ टाकीतून मला बाहेर काढणारं माणूस एकच होतं, आणि ते तेव्हा अकरा वर्षांचं होतं. नाव कितीही काळं केलं तरी काय उपयोग? मी खाली वाचलं: ‘दोन्ही खोल्यांचे हक्कसोडपत्र त्याच्या नावे करायचे आहे. अट काही नाही. सही होईपर्यंत त्याला कळू देऊ नये, कळल्यास भांडेल.’

म्हणजे ती स्वतःचा हिस्सा सोडते आहे, आणि मी माझा वाचवायला वकील शोधत होतो. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. पुढे काय झालं ते विचारू नका.

संध्याकाळी कुलूपबाई धापा टाकत दुकानात आल्या. नववं पान पाठवायचंच नव्हतं. पट्ट्या मारणाऱ्याने नाव झाकलं की काम झालं असं समजून ते गठ्ठ्यात घातलं होतं. पक्षकाराचा विश्वास गेला, फर्मची अब्रू गेली, त्यांची नोकरीही बहुधा जाणार. चेहरा पांढराफटक पडला होता. विचारलं, वाचलंत का? मी म्हटलं, बाई, मी फक्त पानाचा आकडा बघितला. त्यांनी कागद पुढे केला: पान परत करत आहे, प्रत काढलेली नाही, त्यातला मजकूर कुणालाही तोंडी किंवा लेखी सांगणार नाही. मी सही केली. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, डोळ्यांना काय झालं? मी म्हटलं, कुलपाचं तेल उडालं. त्यांनी ते कुठेही नोंदवलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तेव्हा तुमच्या मेव्हण्याची परिस्थिती ही अशी आहे. तुमच्या पाठीला जपा. जड काही उचलू नका.

तुमचा,
दुकानवाला मेव्हणा

ता. क. सही केलेली असल्यामुळे नवव्या पानाबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्ही काही वाचलं असेल तर तो तुमच्या चष्म्याचा दोष. पत्र वाचून झाल्यावर फाडा, आडवं आणि उभं दोन्ही.

ता. क. २. तुमच्या घरातलं कुणी येत्या आठवड्यात कुठल्या कागदावर सही करायला निघालं, तर कृपा करून तिचा चष्मा लपवा. मला खोल्या नकोत. म्हणजे नकोत असं नाही, पण अशा नकोत. रविवारी मी किल्ली घेऊन येतो आहे, हीसुद्धा येणार आहे.

ता. क. ३. पत्रकाच्या चौथ्या पानावर असं निघालं की फर्मकडे आपल्याबद्दल एखादी चुकीची माहिती असेल तर अर्ज करून ती दुरुस्त करून घेता येते. नवव्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: ‘तो आता माझ्याशी बोलणार नाही.’ मी काल जाऊन फॉर्म घेतला. चुकीची माहिती या रकान्यात ती ओळ उतरवली. बरोबर माहितीच्या रकान्यात लिहिलं, ‘बोलेल, पण आधी तिने बोलावं.’ मग मागचा भाग खोडला. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही म्हणून कुलूपबाईंनी दुसरा दिला. (हा फॉर्म घेतला म्हणजे नववं पान मी वाचलं होतं हे उघड झालं.) दुसऱ्यावर एकच शब्द लिहिला: बोलेल. दुरुस्तीची नोंद व्हायला तीस दिवस लागतात म्हणाल्या. तीस दिवस कोण थांबणार? भाऊजी, हे पत्र फाडू नका. आजच अक्काला वाचून दाखवा.