समुद्राकडची बाजू

रॅग्ड कोव्ह, नोव्हा स्कोशिया
१४ डिसेंबर १८४७

ती. हुल्डाताईस,
धाकट्या फिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि लोकरही पोचली. लोकरीच्या गुंडाळीत सुक्या सफरचंदांची माळ दडवून पाठवलीस, ती आमच्या ईनॉसनी माझ्याआधी हुंगून काढली. म्हणतात, मेव्हणी असावी तर अशी, बायकोचं काय ते बघू. आम्ही दोघं बरी आहोत. बटाटे पुरतील, मासे खारवून झाले, घराच्या पायाभोवती समुद्रशेवाळ रचून झालं. थंडी काय ती पडू दे आता.

बातमी मात्र वाईट आहे. गेल्या आठवड्यात उत्तरेकडून वादळ आलं आणि ‘अल्मायरा’ नावाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत आमच्या खाडीच्या तोंडाशी खडकांवर चढलं. ईनॉस आणि शेजारचे लोक दोर घेऊन कडेकडेनं गेले, पण लाट होडी टाकू देईना. उजाडेपर्यंत गलबताची नुसती फळकुटं उरली. एकही माणूस जिवंत हाती लागला नाही. तीन देह किनाऱ्याला आले, बाकीचे समुद्रानं ठेवून घेतले.

तू इथे कधी आली नाहीस म्हणून आमची रीत सांगते. बुडालेल्या खलाशाला इथे परक्यांच्या कोपऱ्यात पुरत नाहीत. पाळीनं एकेका घरात उतरवून घेतात. त्या घरच्या बाईनं त्याला न्हाऊ घालायचं, घरच्या पुरुषाचे कपडे चढवायचे आणि घरच्याच जागेत, घरच्यांच्या शेजारी मूठमाती द्यायची. पुढे कोणी चौकशीची पत्रं पाठवली तर उत्तरही त्याच घरानं द्यायचं. यंदा एक पाळी आमची होती.

पंचविशीच्या आतबाहेरचा असेल. चेहरा खडकांनी ओळखण्याजोगा ठेवला नव्हता. ईनॉसनी आपला लग्नातला कोट काढून दिला आणि वर म्हणाले, मला तो पोटावर बसत नव्हताच. नंतर गोठ्यात जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. आमच्या दोन लेकरांच्या शेजारी त्याला ठेवला आहे. पोरं तिथं एकटीच होती, आता कोणी मोठं माणूस आहे जवळ, असं माझ्या मनात आलं. वेडेपणाच, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला.

जोथम कुठे आहे सध्या? सुनेला आणि बाळाला माझे आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फिनी

*

हार्लो पॉइंट, मेन
११ जानेवारी १८४८

चि. सौ. फिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि गलबताचं नाव आलं तसं जोथमचं पत्र खणातून काढून परत वाचलं.

जोथमचं शेवटचं पत्र बॉस्टनहून आलं होतं. दोन ठिकाणी काम मिळत होतं त्याला. एक ‘रोवेना’, ब्राझीलला जाणारं. दुसरं ‘अल्मायरा’. जे आधी सुटेल त्यावर चढतो, असं लिहून मोकळा झाला. त्यानंतर अक्षर नाही. अल्मायराच्या मालकांना विचारलं, तर म्हणे शेवटचे दोन-तीन गडी कप्तानानं धक्क्यावरच घेतले आणि त्यांची नावं कप्तानाबरोबरच गेली. रोवेना परत यायला मे उजाडेल. तोवर माझा मुलगा ब्राझीलच्या वाटेवर आहे की तुझ्या घरामागे आहे, हे मला कोण सांगणार?

तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा तो माझं बोट धरून चालत होता. तू ओळखणार कशी? म्हणून खूण लिहिते. त्याच्या डाव्या हाताला, कोपराच्या जरा वर, भाजल्याचा डाग आहे, कोयरीसारखा वळलेला. डांबराची कढई कलंडली होती. तू त्याला न्हाऊ घातलंस. डाग होता का, एवढं लिही.

आपल्या सुनेला, केझायाला, मी या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. ती काळे कपडे शिवायलाही तयार नाही. जेवताना त्याचं ताट मांडते, आणि मी काढून ठेवलं तर परत मांडते. बाळ त्या ताटावर चमचा बडवत बसतो.

तुझ्या मेव्हण्याच्या वेळचं तुला आठवत असेल. जेडेडाया बुडाला, काही हाती आलं नाही, आणि मी चर्चच्या आवारात मोकळ्या जमिनीवर त्याच्या नावाचा दगड उभा केला. वर्षानुवर्षं मी तिथं जाते आणि मला ठाऊक असतं की खाली कोणी नाही. तसलं दुसऱ्यांदा माझ्यानं होणार नाही. तुझं उत्तर आलं नाही तर मिळेल त्या शिडाच्या बोटीनं मी निघणार आहे. कबर उघडायला लावीन, पण बघीन. पाद्रीबुवा म्हणाले की या दिवसांत समुद्रावर जाणं म्हणजे जीव द्यायला जाणं. मी म्हटलं, बरं.

ईनॉसना आशीर्वाद. दया आहे तशी राहू दे.

तुझी,
हुल्डाताई

*

रॅग्ड कोव्ह
६ फेब्रुवारी १८४८

ती. ताईस,
फिनीचा साष्टांग नमस्कार.

ताई, डाग होता.

डाव्या हाताला, कोपराच्या वर, तू लिहिलंस तसाच. मी कोमट पाण्यानं हात धुतला तेव्हा बघितला होता, पण पहिल्या पत्रात लिहायचं सुचलं नाही. आता तू येऊ नकोस. तुला माझी शपथ आहे. आमच्या खाडीत अजून बर्फाचे तुकडे तरंगताहेत आणि गेल्या आठवड्यात हॅलिफॅक्सची टपालाची बोटसुद्धा परत फिरली.

तुझा जोथम एकटा नाही. मी त्याला स्वच्छ केलं, केस विंचरले, हात छातीवर जुळवून ठेवले. ईनॉसनी प्रार्थना म्हटली. त्यांचा आवाज तुला माहीतच आहे, तरी त्या दिवशी कोणी हसलं नाही. माझी पोरं त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. मावशीच्या घरी आहे तो, असं समज. केझायाला जवळ घे, आणि तू रड, ताई. तू मुळी रडतच नाहीस, जेडेडायाच्या वेळीही रडली नव्हतीस.

माझी चूकभूल पोटात घाल.

तुझी,
फिनी

*

हार्लो पॉइंट
९ मार्च १८४८

चि. सौ. फिनीस आशीर्वाद.

पत्र पावलं. केझायाला सांगितलं की मावशीनं पक्की खूण पाहिली आहे. कसली खूण, ते तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काळे कपडे घातले आणि ताट मांडायचं थांबवलं. पाद्रीबुवांनी रविवारी प्रार्थना वाचली. पुष्कळ लोक आले होते. मीही काळं नेसले आहे.

जोथमच्या नावाचा दगड घडवायला टाकला आहे. पाटीचा काळा दगड आहे. मे महिन्यात कॅप्टन टिलसन तिकडे येतील, त्यांच्या बोटीतून पाठवीन. लावून घ्यावा.

सर्वांस यथायोग्य.

हुल्डा

*

रॅग्ड कोव्ह
१७ एप्रिल १८४८

ती. ताईस,
फिनीचा शि. सा. न.

तुझं पत्र परक्या बाईनं लिहावं तसं होतं. तुला आमटीतलं मीठ चाखून माझ्या मनातलं कळतं, त्यामुळे तुला संशय आला असेल, असं वाटून मी महिनाभर धड जेवले नाही. आता लपवायची सोयच राहिली नाही.

केप ब्रेटनहून एका मॅकफेलबाईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा मर्डो बॉस्टनहून अल्मायरावर चढला होता. त्या लिहितात, त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं लहानपणी बर्फानं गेली होती. ताई, त्या पायाची दोन बोटं नव्हती. मी त्या बोटांबद्दल कुणालाच लिहिलं नव्हतं, तुलासुद्धा नाही. आमच्या कोटात, आमच्या पोरांच्या शेजारी मर्डो मॅकफेल आहे.

आणि भाजल्याचा डाग नव्हता. हात पांढराफटक होता. तू बर्फात बोटीवर चढशील, तुलाही समुद्र घेईल आणि मग पाळीनं कोण्या तिसऱ्याच घरची बाई तुला न्हाऊ घालील, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी लिहून टाकलं. एक ओळ लिहायला काय लागतं? ती टपालात पडली आणि मला परत आणता येईना.

मॅकफेलबाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. या घराचं ते कर्तव्य आहे आणि गावात कुणी आजवर ते चुकवलेलं नाही. ईनॉस एरवी मला बोलत नाहीत. या वेळी म्हणाले, कबर एक, आया दोन आणि मध्ये तू जाऊन बसलीस. आता तुझा दगड येईल. तो मी कुणाच्या उशाशी लावू?

तू तोंड बघणार नाहीस म्हणालीस तरी मी ऐकून घेईन. पण सांग काहीतरी.

तुझीच,
फिनी

*

हार्लो पॉइंट
२३ मे १८४८

चि. सौ. फिनीस,
अनेक आशीर्वाद.

मॅकफेलबाईंना आत्ताच लिही. आधी ते कर, मग पुढचं वाच.

जोथमला भाजल्याचा डाग नव्हताच. डांबराची कढईही नव्हती. ते मी मनानं रचलं होतं, कारण मी तुला ओळखते. आईच्या दुखण्यात तू तिला रोज सांगायचीस की आज रंग बरा दिसतोय. तुला खरी खूण विचारली असती तर तू खऱ्या खुणेला हो म्हणाली असतीस आणि मला काहीच कळलं नसतं. खरी खूण त्याच्या पाठीवर आहे. अक्रोडाएवढा तांबडा जन्मडाग, दोन खांद्यांच्या मधोमध. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या नजरेतून तो सुटणार नाही. असता तर तू आपणहून लिहिला असतास. तू त्याचा उल्लेख केला नाहीस आणि नसलेल्या डागाला मात्र होता म्हणालीस. मला कळायचं ते कळलं. तुझ्या घरामागे जोथम नव्हता. म्हणजे तो रोवेनावरच असणार, असं मी धरून चालले.

त्या दिवशी मला काय झालं, सांगू? आनंद झाला. तुझं पत्र घेऊन मी कोठीत गेले आणि तोंडावर एप्रन धरून हसले. त्यानंतर काळं नेसून बसले, लोकांचं सांत्वन ऐकलं, त्याच्या नावाची प्रार्थना ऐकली आणि मनात म्हणत होते, येऊ दे मे महिना, मग बघा. दगडही घडवायला टाकला, कारण टाकला नसता तर केझायाला काय सांगणार होते? तिनं कसंबसं मन घट्ट केलं होतं. माझी आशा खोटी ठरली असती तर तिला दोनदा रडावं लागलं असतं.

गेल्या मंगळवारी रोवेना बंदरात आली. मी मासे आणायला म्हणून टोपली घेऊन धक्क्यावर गेले. केझाया माझ्याआधी तिथं उभी होती, बाळाला कडेवर घेऊन, तिच्याही हातात टोपली. माझ्याकडे बघून म्हणाली की मासे बघायला आले. फिनी, तिनं तुझं पत्र त्याच रात्री माझ्या खणातून काढून वाचलं होतं. नवऱ्याच्या हाताला काय आहे आणि काय नाही, हे बायकोला माहीत नसेल? मी बर्फात बोटीवर चढू नये म्हणून तिनं काळे कपडे शिवले होते. एका छपराखाली दोघी काळं नेसून बसलो होतो आणि एकच आशा एकमेकींपासून लपवत होतो.

रोवेनाचा कप्तान फळीवरून खाली आला. आमचे कपडे बघून त्यानं टोपी काढली. त्याला वाटलं आम्हाला ठाऊकच आहे. म्हणाला, पोरगा माझ्याकडे चढणार होता, सामानही आणलं होतं. पण अल्मायराला एक गडी कमी पडला आणि ती दोन तास आधी सुटत होती. कप्तानानं त्याला अल्मायरावर शीड सोडताना डोळ्यांनी पाहिलं. हात केला म्हणे जोथमनं.

 घरी येऊन केझायानं ताट मांडलं आणि मी काढून ठेवलं नाही. मग मी रडले. तू लिहिलं होतंस ना, मी रडत नाही म्हणून. पुरे होईपर्यंत रडले.

तुझ्यावर माझा राग आहे. खोटं बोललीस याचा नाही, ते मी जाणूनबुजून वदवून घेतलं. पण तू नुसतं नाही म्हटलं असतंस, तर केझाया आणि मी एकमेकींसमोर बसून वाट पाहिली असती. ती वाट पाहणं तरी दोघींचं झालं असतं. हा राग जाईल, पण सावकाश जाईल. तोवर तू पत्रं लिहीत राहा.

आता दगड. तो या पत्राबरोबरच कॅप्टन टिलसनच्या बोटीत आहे. नाव कोरून झालं आहे, आणि इथे जेडेडायाच्या शेजारी आणखी एक रिकामी जागा मला नको. मर्डोच्या उशाशीच लाव. मागची बाजू मी गुळगुळीत घासून घेतली आहे, तिच्यावर त्याचं नाव घाल, त्याच्या आईला विचारून, तिला हवं तसं. ती बाजू तुमच्या घराकडे असू दे, कारण तो तुमच्या घरचा झाला.

जोथमची बाजू समुद्राकडे कर. तो तिकडे आहे.

रागातसुद्धा तुझीच,
हुल्डाताई