तयार ठेवलेलं उत्तर

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवते. वाळलेबिळले नाही, उलट कोट घट्ट व्हायला लागलाय. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा गोळ्या घेतात ना?

युद्धातल्या अत्याचाराच्या ज्या खटल्यात मी सरकारी वकिलांच्या हाताखाली आहे, त्यात काल एका बाईंची साक्ष झाली. आरोपी सैनिकाच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही ओरडला का नाहीत?" न्यायाधीशांनी तिथेच अडवलं. म्हणाले, खटला देशातल्या न्यायालयात चालत असला तरी युद्धगुन्ह्यांना आंतरराष्ट्रीय कायदा लागू होतो, आणि दारात बंदुका असताना संमतीचा प्रश्नच येत नाही.

मला हायसं वाटलं. बाई मात्र खट्टू झाल्या. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं गं."

"मग मला सांगा," मी म्हटलं.

"ओरडले असते, तर माळ्यावर लपवलेली माझी पोर धावत खाली आली असती."

ती पोर शेजारीच बसली होती, आता माझ्या वयाची. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

आई, रविवारी फोनवर मी गप्प झाले तर ठेवू नकोस. तूच बोलत राहा.

तुझी धाकटी