संपाच्या दिवसांतला ताप

बाबा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मंगळवारपासून बेमुदत संप आहे. मागणी एकच, जुनी पेन्शन.
२. त्याच मंगळवारी सकाळी, कौंडण्यपूरच्या अलीकडच्या एका गावात माझ्या हातची मोजणी लागलेली आहे. एका विधवा बाईचा हिस्सा दिराच्या जमिनीतून वेगळा करायचा आहे.
३. गुरुवारी मी त्या बाईला जाऊन सांगितलं की संपावर गेले तर मी येणार नाही.
४. काल ऑफिसात शिरस्तेदारांनी मला आजारपणाची रजा टाकायला सुचवलं.
५. ही युक्ती तुमची आहे, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मी भूकरमापक झाले हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. नंतर पॉलिटेक्निक केलं, सिव्हिल. तुमच्याच खात्यात आले, पण अनुकंपेवर नाही, परीक्षा देऊन. मोजणीची साखळी आणि तिपाईवरचा नकाशाचा फळा आता कुणी वापरत नाही. काठीवर बसवलेलं रोव्हर नावाचं यंत्र असतं, ते उपग्रहाकडून जागा घेतं. भांडणं मात्र तीच आहेत. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभे राहिलेले दोन भाऊ अजूनही यंत्राकडे बघत नाहीत, आपल्या तोंडाकडे बघतात. आणखी एक गोष्ट बदलली आहे. तुमच्या वेळी नोकरी संपली की ठरलेली पेन्शन मरेपर्यंत मिळे आणि माणसामागे त्याच्या बायकोला मिळे. आमच्या पगारातून दरमहा कापतात, बाजारात गुंतवतात, आणि शेवटी त्यातून जे निघेल ते आमचं. किती निघेल हे कुणी लिहून देत नाही. मोजमापाचं काम करणाऱ्या बाईला याहून वाईट उत्तर काय असू शकतं?

गुरुवारी मी गेले तेव्हा ती बाई खळ्यात हरभऱ्याची पोती शिवत होती. दीर बाजूच्या बाजेवर बसलेला. हिश्शाची मोजणी सगळ्या वाटेकऱ्यांच्या संमतीशिवाय होत नाही, आणि हा माणूस मोठ्या मुश्किलीने तयार झालेला. बाईला विहीर मंजूर झाली आहे, पण हिस्सा वेगळा झाल्याशिवाय ती खोदता येत नाही. मला बघून ती उठली.

"मॅडम, आजच आल्या? मंगळवार हाये ना तारीख?"

मी संपाचं सांगितलं.

"कायचा संप?"

"पेन्शनचा. नोकरी संपल्यावर मिळते ती."

"मंजे तुमाले म्हातारपनी भेटन त्याच्यासाठी मायी मोजनी मंगळवारी नाही?"

मी म्हटलं, संपावर गेले तर हो.

"अन् आमाले कोन देते पेन्शन? बैल म्हातारा झाला तं त्याले बजारात तरी नेता येते. आमाले तं बजारातबी कोनी इचारत नाही."

दीर हसला. "जाऊ द्या ना वयनी. सरकारच नाही म्हनून राह्यलं, तं आपून काहून घाई कराची?"

"तू चूप बस. तुले तं आयतंच भेटलं." ती माझ्याकडे वळली. "हा आज हो म्हनून राह्यला. उद्या याची बायको याले काय शिकवन, तुमी सांगता काय?"

मी सांगितलं की संप मिटला की पहिली तारीख तिची लावायचा प्रयत्न करीन. ती म्हणाली, "पाहू." सुई परत पोत्यात घातली. मी गाडीपाशी पोचल्यावर मात्र तिने मागून हाक मारली.

"मॅडम, या नाही तं नोका येऊ. पन बिमार हाओ म्हनून निरोप नोका पाठवू. मांगच्या बारीले तुमच्या साहेबानं तसंच केलं. मी म्हटलं, बिचारा उन्हातान्हात फिरते, लागलं असन ऊन. दुसऱ्या दिवशी लग्नात गेली, तं साहेब पंगतीत बुंदी वाढून राह्यले!"

दीरही हसला, तीही हसली. मी हसले नाही. ते साहेब कोण हे मला माहीत नाही. पण मला तुम्ही आठवलात.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्या. मोर्णा नदीवरून वारा आला तर वासासकट येई, म्हणून आई खिडकी लावून ठेवायची. मी चौथीत असेन. बाहेर ऊन तापलं आहे आणि तुम्ही चादर डोक्यापर्यंत ओढून झोपला आहात. तुमच्या ऑफिसात संप आहे. युनियनची माणसं तुम्हाला बघायला येतात, पिशवीत संत्री घेऊन. त्यांत ते काकाही आहेत, ज्यांचा आणि तुमचा डबा रोज एकत्र उघडायचा. आई स्वयंपाकघरात चहा टाकते आणि बाहेर येत नाही. काका तुमच्या कपाळावर हात ठेवतात.

"वा रे ताप! अंग तं माठावानी थंड हाये."

बाकीचे हसतात. तुम्ही डोळे उघडत नाही. काका संत्रं सोलतात, एक फोड मला देतात. "पोरी, तुया बाप लय हुशार हाये मा. भांडू आमी, अन् खाईन हा."

ते गेल्यावर तुम्ही उठलात, अंघोळ केली आणि माझी भूमितीची वही काढायला लावलीत. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला ताप नव्हता?" तुम्ही रागावला नाहीत. कोनमापकाचा मध्य नीट ठेवायला सांगितलात आणि म्हणालात, "मोजनीवाल्यानं कोनाच्याच बाजूनं उभं राहू नाही. जो बाजू घेते त्याच्या मापावर कोन भरवसा ठेवन?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते जपून ठेवलं. कॉलेजात दोन मैत्रिणी भांडल्या, मी बाजू घेतली नाही. भावकीत आईला कुणी काही बोललं, मी शांत राहिले. लोक मला थंड म्हणतात. मी ती तारीफ समजत आले. नोकरीत तर हे वाक्य दर आठवड्याला कामी येतं.

काल मात्र शिरस्तेदारांनी त्या वाक्यामागचा ताप माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते तुमच्या हाताखाली नवखे म्हणून लागले होते. थोड्याच दिवसांत निवृत्त होतात, जुन्या पेन्शनवर. मी मंगळवारचं काय करावं या विचारात होते आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"मॅडम, एवढा इचार कायचा? तुमच्या बाबाले संपाची नोटीस लागली का ताप भरे. नोटीस निघाली की नाही हे आमी त्यायच्या खुर्चीवरून ओळखत होतो." सगळे हसले. "तुमीबी टाका मेडिकल. पगार कटत नाही, युनियनवाले बोलत नाही, साहेबबी खुश. घरचंच औषध हाये तुमचं."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "मला ताप येत नाही, सर." एवढंच बोलले आणि नकाशा उघडला. पण त्यानंतर पूर्ण दुपार एकही रेषा मी नीट वाचली नाही.

बाबा, तुमचं वाक्य बरोबर आहे. तुम्ही ते चुकीच्या शेतात वापरलंत. दुसऱ्या दोघांचा वाद असेल तर मोजणारा मध्ये उभा राहतो. पण आपल्या स्वतःच्या जमिनीची मोजणी आपल्याला करता येत नाही, नियमच आहे. तिथे आपण पक्षकार असतो, आणि पक्षकाराने धुऱ्यावर हजर राहायचं असतं. तुम्ही तुमच्याच वादात मोजणारे झालात आणि त्यालाही हजर राहिला नाहीत, चादर घेऊन झोपलात. संपाने जे मिळालं ते तुम्हालाही मिळालं. त्यानंतर काकांनी तुमच्याबरोबर डबा उघडला नाही. आई सांगते, तुमचा डबा मग बरेचदा अर्धा परत यायचा.

आणि तुम्ही नोकरीतच गेलात तेव्हा आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी कोण धावलं? तेच काका. तहसील, ट्रेझरी, तुमचं ऑफिस. आईला ते कुठेही एकटं जाऊ देत नव्हते. एकदा आईने विचारलं, "भाऊजी, तुमी काहून एवढं करता?" तर म्हणाले, "वयनी, आमी भांडलो तेव्हा तो घरी होता. त्याची पेन्शन तं घरी नाही ना बसली, तेबी आमच्या भांडनातच होती." त्या पेन्शनवर मी शिकले. आईने त्यानंतर कुणाच्या दारात मागायला पाय ठेवला नाही, माझ्याकडूनसुद्धा ती भाजीचे पैसे घेत नाही. म्हातारपणी माणसाची मान सरळ राहते ती कशाने, हे मी घरातच बघते आहे. ते मला हवं आहे, आणि मागायला मी लाजणार नाही.

आज सकाळी आईला सांगितलं की मी संपावर जाणार. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "नोकरीले काही झालं तं? तुया बाबाचं डोकं थंड होतं." मी म्हटलं, "माझंही थंडच आहे." तिने पोळी तव्यावर टाकली आणि बराच वेळ उलटली नाही.

तुम्ही विचाराल, आणि त्या बाईचं काय? तिचं नुकसान करून मी जाते आहे. दिराचं मन फिरलं तर तिची विहीर राहून जाईल, पाऊस पडून पेरणी झाली की उभ्या पिकात मोजणी नाही. संपाची मागणी न्याय्य आहे म्हणून तिचं नुकसान कमी होत नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते असल्यासारखं दाखवणार नाही. पण तुमच्या वाटेने गेले तरी मंगळवारी तिच्या धुऱ्यावर कुणी येणार नव्हतंच. फरक एवढाच, की आता ती कुणावर चिडायचं ते जाणते. तिला माझं नाव आणि माझा चेहरा माहीत आहे. तेवढं तरी मी तिला देणं लागते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. तरी एक गोष्ट मान्य करते. काल सगळे घरी गेल्यावर मी रजेचा अर्ज उघडला आणि कारणाच्या जागी 'ताप' असं टाइप करून बघितलं. काही वाटलं नाही, बाबा. अगदी सोपं होतं. मी ते पुसलं, पण आधी थोडा वेळ बघत बसले.

माझ्या निर्णयाला तुमची हरकत असेल तर सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावी. मुदतीत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजून मी मंगळवारी सकाळी दहा वाजता संपकऱ्यांबरोबर ऑफिसच्या गेटवर उभी राहीन.