एका जोडप्याएवढी जागा

सोमवार, ८ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीने विणलेलं स्वेटर पोचलं. बाह्या माझ्या मापाच्या नाहीत, तुझ्या मापाच्या आहेत, म्हणजे घरात कुणाचा विचार करत विणलं ते समजलं. तिला सांग, दुमडून घालते.

पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू मध्येच खोकतोस, आणि तुझा तो खोकला म्हणजे दाबलेलं हसू असतं, हे मी आठ वर्षांची असल्यापासून जाणते.

तू आमच्या रविवारच्या टँगोला कधी आला नाहीस, तेव्हा आधी तिथली रीत सांगते. दुपारी चार ते सात नाच चालतो. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, मध्ये लाकडी जमीन, एका टोकाला मंच. मंचावर पियानोवाला, दोन व्हायोलिनं, एक बास आणि मांडीवर बँडोनिऑन, माझी ती भात्याची पेटी, घेऊन मी. जोडपी एकामागे एक, भिंतीच्या कडेने, घड्याळाच्या उलट फिरतात. पुढच्याला ओलांडायचं नाही. चार गाणी एकाच जोडीदाराबरोबर, मग सुटी. आणि नाचायला ये असं तोंडाने कुणी म्हणत नाही. समोरून नजर धरायची, पलीकडच्याने मान हलवली की ठरलं. त्यामुळे दोघांच्या नजरेच्या मध्ये तिथे कुणी येत नाही. ते दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं समजतात. नवखी माणसंसुद्धा महिन्याभरात अंग चोरायला शिकतात.

हे जाऊन सात महिने झाले. गेले पाच रविवार रांगेत एक जागा रिकामी असते, एका जोडप्याएवढी. दोन जोडप्यांच्या मध्ये ती चालते, ह्यांच्या चालीने. खिडकीजवळच्या खांबापाशी हे भर गाण्यात थबकायचे, मी सांगायचे ना? मागचे लोक वैतागायचे. ती जागाही तिथे थबकते. मागून येणारे घड्याळजी आणि त्यांची बायको आपोआप थांबतात. मी घड्याळजींना विचारलं, तर ते म्हणाले, कसली जागा?

घरी हे कुठेच नाहीत. कपाटात नाहीत, उशीवर नाहीत. फक्त तिथे आहेत.

दादा, बावीस वर्षं मी वाजवलं आणि हे नाचले. शिंपीणबाईंबरोबर, दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर, सगळ्यांबरोबर. माझ्याबरोबर एकदाही नाही, कारण मी नेहमी मंचावर. एक रविवार सुटी घे म्हणायचे, मी पुढच्या महिन्यात म्हणायचे. मला एकदा त्यांच्याबरोबर नाचायचंय. उतरून त्या जागेत शिरू का, एवढंच सांग. खोकू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
चिमणी

*

गुरुवार, ११ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हातून 'चि. सौ.' लिहून झालं, म्हणून कागद बदलला. चोवीस वर्षांची सवय आहे, पेनाला बातमी उशिरा पोचते. हे सांगायचं नव्हतं, पण तुझ्यापासून लपवलेलं मला नंतर खुपतं.

वेड लागलंय का, असं तू विचारलं नाहीस, पण ओळींच्या मध्ये ते आहे. लागलेलं नाही. वेडी माणसं इतकं मुद्देसूद लिहीत नाहीत. आमच्या संस्कृत विभागातल्या शहाण्यांनाही ते जमत नाही.

मात्र तुमचा नाच घड्याळाच्या उलट फिरतो हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं, देवाला उजवी घालतात. डावीकडून फिरणं ते अपसव्य, पितरांच्या कामाचं. तुम्ही पन्नास माणसं दर रविवारी वाजतगाजत अपसव्य फिरता आणि एखादा पितर आला की दचकता? आमंत्रण तुमचंच. त्यातून आमचे जावईबापू लिफ्ट दुरुस्त करणारे. आठवडाभर वर-खाली, रविवारी गोल. सरळ पुढे जाताना मी त्यांना फक्त ताटाकडे पाहिलं.

आता कामाचं. इतक्यात उतरू नकोस. आमच्या तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून साधी कसोटी आहे. एक गोष्ट असताना दुसरी असते आणि ती नसताना दुसरी नसते, तर पहिली दुसरीचं कारण धरावी. मला संशय तुझ्या डोळ्यांचा आहे. तूच लिहितेस की नजरेच्या वाटेत तिथे कुणी येत नाही. तू मंचावरून त्यांना शोधत नजर फिरवतेस, त्यांच्या चालीने, त्यांच्या खांबापाशी थांबत. लोक न कळत तुझ्या नजरेला वाट देतात. घड्याळजी खोटं बोलत नाहीत, त्यांच्या पायांना कळतं ते त्यांना कळत नाही.

तेव्हा एका रविवारी दोन गाणी डोळे उघडे ठेवून वाजव, दोन मिटून. मिटल्यावर काय होतं ते बघायला कुणा भरवशाच्या माणसाला सांग. मग उतरायचं की नाही ते ठरवू.

जेवण वेळेवर घे. स्वेटरच्या बाह्या माझ्या मापाच्या आहेत यावर इकडे चर्चा झाली. मी हरलो.

प्रेम आहे, त्यात भर पडत राहो.
तुझा,
दादा

*

मंगळवार, २३ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी कसोटी झाली. दारावर पैसे घेणाऱ्या बाईंना बघायला सांगितलं होतं. पहिली दोन गाणी जागा होती, बाईंनाही दिसली, त्यांचा हात तोंडावर गेला. तिसऱ्या गाण्याला मी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, दार लावून घ्यावं तशी रांग मिटली, फटसुद्धा राहिली नाही.

चौथ्या गाण्यानंतर मी डोळे उघडले. जागा नव्हती. पुढची सगळी दुपार बघत राहिले, पण आता मी बघते आहे हे मला कळत होतं, आणि तसं बघून काही होत नाही. शेवटी वाद्य खुर्चीवर ठेवून खाली उतरले. खांबापाशी उभी राहिले. घड्याळजींनी वळसा घालून माफी मागितली.

तुझं बरोबर निघालं. अभिनंदन. तुझ्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सांग.

ह्यांच्या थबकण्यावर मी थबकायचे, त्यांच्या पावलावर भाता ताणायचे. आता कुठे थांबायचं ते हातांना समजत नाही. पियानोवाल्याने सगळ्यांदेखत सांगितलं की मी रविवारभर अर्धं माप मागे होते. तो दुसरा वाजवणारा बघतोय. मी काम करते त्या वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या पेटीची स्वरपट्टी परवा मी जास्त घासली आणि सूर कायमचा चढला. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं.

दादा, हे एकदा दवाखान्यातून गेले, तेव्हा कुणाचा दोष नव्हता. या वेळी तू नेलंस. मी विचारलं होतं उतरू का, आणि तू मला परीक्षा दिलीस.

उत्तर पाठवू नकोस. माया सध्या तुझ्याकडेच ठेव.
चिमणी

*

मंगळवार, ३० सप्टेंबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून हे उत्तर नाही, कबुली आहे.

परवा रविवारी मी तिथे होतो. तुझ्या वहिनीला सांगितलं, विभागाची बैठक आहे. रविवारी कसली बैठक, असं तिने विचारलं नाही, डबा दोन वेळचा दिला. म्हणजे तिला कळलं होतं. पाच तास बस, मग तुमचं सभागृह. कोट टांगायच्या खुंट्यांमागे एक खुर्ची आहे, तिथे बसलो. तुझ्यासमोर यायचं धैर्य नव्हतं.

तू सगळा वेळ डोळे मिटून वाजवत होतीस. मी ते नीट पाहिलं आहे, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. मी रांगेकडे बघत बसलो. मनात म्हणत होतो, इथे जावईबापू असते तर त्या उंच बाईंच्या मागे असते, इथे वळले असते, मला बघून भुवया उडवल्या असत्या. दवाखान्यात त्या दिवशी मी फॉर्म भरत होतो. नंतर लोकांना कळवत होतो. नंतर तुला सांभाळत होतो. त्यांच्यासाठी म्हणून पाच मिनिटं मी कधी बसलोच नव्हतो. चोवीस वर्षं ज्या माणसाची चेष्टा केली तो गेल्यावर कुणाची करायची, हा प्रश्न मला त्या खुंट्यांमागे पहिल्यांदा पडला.

तेवढ्यात दारावरच्या बाई आल्या आणि हळूच विचारलं, तुम्हाला कुणाबरोबर नाचायचंय का, तुम्ही ज्यांच्याकडे बघताय ते कोण, लोक केव्हापासून वाट सोडताहेत.

मग मलाही दिसली. एका जोडप्याएवढी. खांबापाशी थबकली.

म्हणजे माझ्या अनुमानात दोष होता. कारण तुझे डोळे नव्हते. ज्याला त्यांची उणीव भासते त्याचे डोळे, मग तो कुणी का असेना. मी वर्गात मुलांचे गुण असल्या चुकीसाठीच कापतो.

त्यातून एक वाट निघते. तू मंचावर असताना उतरू शकत नव्हतीस, कारण उतरलीस की बघणारं कुणी उरत नव्हतं. आता आहे. तो दुसरा वाजवणारा ज्या रविवारी येईल, त्याला चार गाणी दे. तू उतर. मी बघतो.

जमलं नाही तर मला आयुष्यभर बोल. तो हक्क तुझ्याकडे आधीपासूनच आहे.
दादा

*

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खुंट्यांमागे बसलास आणि तसाच निघून गेलास. डबा तरी खाल्लास का?

१२ तारखेला नवा माणूस येणार आहे, त्याची पारख म्हणून पाच वाजता चार गाणी. ती आवडली तर पियानोवाला त्यालाच ठेवणार, हे तुला माहीत असू दे. म्हणजे मी उतरले तर कदाचित पुन्हा चढणार नाही. रात्रभर विचार केला. उतरते.

तू मंचाच्या पायरीवर बस, तिथून सगळी जमीन दिसते. माझ्याकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. मी धडपडले तरी उठू नकोस. लोक हसले तर हसू देत.

आणि हे नसलेच, तर मला बाहेर घेऊन जा, आणि तू बसमध्ये बसेपर्यंत काही समजावू नकोस. संस्कृत तर मुळीच नको.

माया परत पाठव, लागणार आहे.
तुझी,
चिमणी

*

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. रविवारी निघताना आपण दोघंही बहुतेक बसच्या वेळेबद्दलच बोललो, ते बरं झालं. पण मी पायरीवरून काय पाहिलं ते तुला मिळायला हवं. तो तुझा ऐवज आहे.

पहिल्या गाण्याला तू हात उचलून उभी राहिलीस, एक हात हवेत, एक कुणाच्या तरी खांद्यावर. कुणी हसलं नाही. जागा तुझ्याभोवती झाली आणि मी ती धरून ठेवली. घामाघूम झालो. आयुष्यात कुठल्या श्लोकाकडे इतकं टक लावून पाहिलं नाही.

बायका या नाचात उलट्या चालतात, हे तू मला कधी लिहिलं नव्हतंस. पाठ पुढे करून, न बघता. वाट बघायची ती पुरुषाने. मला हे दुसऱ्या गाण्याला उमगलं आणि मी पायरीच्या टोकाशी सरकलो, कारण तू डोळेही मिटले होतेस. पण मी होतो. माझी नजर तुझ्यापुढे वाट काढत होती, अशी समजूत घालून घेतली.

तिसऱ्या गाण्याला माझं मला आवरेना. चष्मा काढावा लागला. चष्म्याशिवाय मला दिवे दिसतात आणि डाग दिसतात, माणसं दिसत नाहीत. रुमाल सापडेना, तो वहिनीने आतल्या खिशात ठेवला होता. अर्धं गाणं गेलं, चिमणे. दारावरच्या बाई माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या होत्या. त्या वेळात त्या जागेकडे बघणारं सभागृहात कुणी नव्हतं.

चष्मा चढवला तेव्हा तू खांबापाशी होतीस. डॉक्टरीणबाईंच्या जोडीदाराचा पाय घसरून दोघं वाटेत आडवी झाली होती, तुझ्या पाठीमागे अगदी चार बोटांवर. तुला ती दिसणं शक्य नव्हतं. संगीत चालू होतं, नवा माणूस काही थांबला नव्हता, सगळी रांग पावलं टाकत होती. फक्त तू थांबलेली होतीस. एक पाय मागे उचललेला, टेकवला नव्हतास, कुणी दंडाला धरून अडवावं तशी कललेली. ती दोघं उठेपर्यंत तशीच. मग डावीकडे वळवून तू पुढे नेली गेलीस. क्रियापद मी विचार करून कर्मणी वापरलं आहे.

नंतर तू मंचावर चढलीस आणि नव्या माणसाकडून आपलं वाद्य परत मागून घेतलंस. त्यानंतरचं तुझं वाजवणं पियानोवाल्याने मान न वळवता ऐकलं. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण तो तुझ्यासाठी थांबत होता, एवढं कळलं. नवा माणूस कोट चढवून गेला तेव्हा त्याला कुणी पुढची तारीख विचारली नाही.

तिथे काय होतं ते मी तुला विचारणार नाही. विचारलं तर त्याची कसोटी लावावीशी वाटेल, आणि माझी एक कसोटी तुला पुरेशी महाग पडली आहे.

पुढच्या रविवारी येशील का, असं तू बसच्या खिडकीखाली उभी राहून विचारलंस. नाही येत. माझी गरज नाही. अर्धं गाणं कुणी बघत नव्हतं, आणि तू पडली नाहीस.

लोभ आहे. कुणाचं लक्ष नसतानाही तो वाढतो, असं आता म्हणायला माझ्याकडे आधार आहे.
तुझा,
दादा