खवळलेली दलदल

४ जून २०२५, उत्तर मिनेसोटा

फील्ड स्टेशनवर पोचलो. आजपासून युद्ध. उत्तरेकडच्या या दलदली उन्हाळाभर हवेत मिथेन ओकतात आणि जग एसी लावून झोपतं! किती ओकतात ते मी मोजणार. असं मोजणार की झोपलेल्यांच्या कानाखाली आवाज निघेल.

व्यवहाराची गोष्टही लिहून ठेवतो. मागचा सीझन वाया गेला, कारण मशीनमध्ये पाणी शिरलं. चूक पावसाची होती. सप्टेंबरमध्ये कमिटी बसेल. या उन्हाळ्यात धड डेटा आला नाही तर पीएचडी बंद, मास्टर्सची पदवी हातात देऊन बोळवण. इन्ग्रिडबाई (माझ्या प्रोफेसर) हे इतकं गोड हसून म्हणाल्या की मला आधी वाटलं अभिनंदन करतायत.

संकल्प: राग आवरणे.

६ जून

पद्धत अगदी सोपी. दलदलीतल्या शेवाळात प्लास्टिकचं कडं रुतवलेलं असतं. त्यावर पारदर्शक डबा उपडा ठेवायचा, नळी मशीनला जोडायची. डब्यात मिथेन साठतो, तशी स्क्रीनवर रेषा वर चढते. जेवढा चढ, तेवढा गॅस. तोवर आपण शेजारच्या लाकडी फळीवर.

गिरिजा आमच्याच लॅबची, नागपूरची, मला सीनिअर आणि ते कधी विसरू देत नाही. म्हणाली, अवधूत, मांडी घालून बस आणि मुळीच हलू नको. मी म्हटलं, मी विपश्यनेला आलेलो नाही.

बसलो. रेषा चढली. सरळ, मरतुकडी, कारकुनी रेषा. असल्या रेषेने जग हलत नाही.

डासांची कत्तल केली. आईने सुटकेसमध्ये कोंबलेली रॅकेट कामी आली. चटचट, ठिणग्या, जळका वास. तळहात रक्ताने माखले. रक्त माझंच.

१३ जून

मिनियापोलिसच्या मराठी मंडळातून शोभनाकाकूंचा फोन. गणपतीत माझं भाषण! विषय मीच सुचवला, ‘पेटती पृथ्वी’. काकू म्हणाल्या, बोल की, पण दहाच मिनिटं हं रे, मागच्या वेळी आमटी गार झाली होती. लोकांना आमटीची चिंता. पृथ्वी उकळतेय, ती कुणाला दिसत नाही.

डबा भरेपर्यंत फळीवर नुसतं बसून वेळ जातो. त्या वेळात तालीम करणार. एका दगडात दोन पक्षी, दोन्ही ठार.

१६ जून, दुपार

इतिहास घडला!

डबा ठेवला. उभा राहिलो. समोर काळ्या स्प्रूसच्या झाडांची गर्दी, सभा म्हणून उत्तम, कुणी मधेच उठून जात नाही. पहिलंच वाक्य कडाडलं: मित्रहो, ही जमीन नाही, हा ज्वालामुखी आहे! ‘ज्वालामुखी’वर उजवा पाय आपटला. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांपासूनची पद्धत. पाय आपटल्याशिवाय शब्द श्रोत्यांच्या छातीत घुसत नाही. फळी दणाणली, खालचं शेवाळ थरथरलं.

स्क्रीन पाहिली. रेषा भिंतीसारखी उभी!

पुढचं वाक्य, पुन्हा भिंत. शेवटच्या परिच्छेदापर्यंत रेषा स्क्रीनच्या वर निघून गेली. या कड्याखाली काहीतरी भयानक दडलं आहे. आणि ते नेमकं मी उभा असताना जागं झालं. दैव म्हणतात ते हेच.

२० जून

गिरिजाला ग्राफ दाखवला. म्हणाली, तू फळीवर नाचतोस का? खालचं पीट, म्हणजे कुजक्या शेवाळाचा थर, स्पंजासारखं असतं, आत गॅसचे बुडबुडे अडकलेले असतात, दणका बसला की सुटतात. मी म्हटलं, मी नाचत नाही, मी बोलतो. ती म्हणाली, ही दलदल आहे रे बाबा, शिवाजी पार्क नाही.

मत्सर. प्रत्येक शोधाला पहिला धोंडा घरचेच मारतात, असं मी अनेक चरित्रांत वाचलं आहे.

३० जून

सहा कडी आहेत. सहाही खवळलेली. जिथे मी जातो तिथे मिथेन उसळतो. आता ‘ज्वालामुखी’ खेरीज ‘नरसंहार’ आणि ‘धिक्कार’ यांवरही पाय घेतो. भाषण बांधेसूद होत चाललं आहे.

२ जुलै

सिद्धेशशी वाद. सिद्धेश शेजारच्या लॅबचा, पुण्याचा. दलदलीच्या मधोमध त्यांचा मनोरा आहे. त्यावरचं यंत्र आख्ख्या दलदलीतून हवेत जाणारा गॅस मोजतं. म्हणाला, मनोऱ्याला तर काहीच दिसत नाही. यार, तू कड्याजवळ म्हैस बांधली आहेस का?

जेवणाच्या टेबलावर सगळे हसले. अमेरिकन पोरांना म्हैस इंग्रजीत समजावून सांगितली गेली, मग तेही हसले.

मी खोलीत आलो आणि भिंतीवर बुक्की हाणली. भिंत लाकडी असेल असं वाटलं होतं. आत विटा आहेत. दोन बोटं सुजली. रॅकेट आता डाव्या हाताने.

संकल्प: राग आवरणे (नव्याने).

१० जुलै

आज रक्त सांडलं.

मी मोजत होतो. भाषणाचा कळस चालू होता. सिद्धेश मनोऱ्याकडे जायला त्याच अरुंद फळीवरून आला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. वर म्हणाला, वा भाऊसाहेब, पण जरा हळू आपटा, माझा मनोरा हलतोय.

मी त्याला ढकललं. तात्त्विक भूमिकेतून.

तो कमरेपर्यंत चिखलात गेला. बाहेर येताना त्याने माझा पाय धरून ओढला. मग दोघंही आत. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझ्या नाकावर कोपर मारलं, मी त्याचं डोकं शेवाळात दाबलं, तो माझ्या दंडाला चावला. पुण्याचा माणूस चावला! काळं पाणी नाकातोंडात. चहूबाजूंनी बुडबुडे उकळत होते. त्याचा एक बूट दलदलीने गिळला तो गिळलाच. शेवटी गिरिजाने दोघांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. म्हणाली, कुत्र्यांना असंच सोडवतात आमच्याकडे.

विशेष नोंद: हे सगळं चालू असताना डबा कड्यावरच होता. या दलदलीत आजवर मोजलेला सर्वोच्च मिथेन. निसर्ग माझ्या बाजूने आहे.

११ जुलै

नाक बटाट्याएवढं. सिद्धेशची माफी मागायला लागली, लेखी. त्यानेही मागितली. त्याची छोटी होती.

संकल्प: अहिंसा. डास वगळून.

१२ जुलै

इन्ग्रिडबाईंना मेल पाठवला. आजवरची सगळी गणितं चूक आहेत, मनोरे खोटं बोलतात, या दलदलीचा स्फोट मी रंगेहाथ पकडला आहे, येऊन डोळ्यांनी पाहा! उद्गारचिन्हं जास्त झाली असतील. सत्याला लागतात.

उत्तर: येते.

कमिटीची आता भीती नाही. कमिटीने माझी भीती बाळगावी.

२४ जुलै

इन्ग्रिडबाई आल्या. गमबूट, टोपी, थर्मास. फळीवर अशा चालल्या की फळीलाही कळलं नसेल. मी डबा ठेवला. त्या खाली बसल्या, मलाही बसवलं. रेषा सरळ, मरतुकडी. मी सांगितलं, दलदल आज पाहुण्यांपुढे लाजते आहे.

त्या म्हणाल्या, तू रोज इथे काय करतोस तेच कर. मी उठलो, भाषण सुरू केलं. त्यांना मराठी कळत नाही, पण वक्तृत्वाला भाषा लागत नाही. ज्वालामुखी! रेषा ताडकन वर. धिक्कार! आणखी वर. मी विजयाने वळलो. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. माझ्या बुटाकडे बघत होत्या.

म्हणाल्या, छान. आता हेच पुन्हा म्हण, फक्त पाय न आपटता.

सुरुवात केली. मित्रहो, ही जमीन नाही. पाय उचलला गेला, तो हवेतच धरला. पुढचा शब्द येईना. मी, ज्याने विद्यापीठाचा करंडक तीनदा आणला, एका पायावर बगळ्यासारखा उभा आणि शब्द येईना. डास नाकावर बसला. मारला नाही.

रेषा सरळ.

बाईंनी थर्मासमधली कॉफी दिली. मागे गिरिजा होती. तीही हसली नाही, तेच जास्त लागलं.

२५ जुलै

फळ्या निकृष्ट आहेत. चांगल्या फळीवर हे झालं नसतं.

२६ जुलै

जून-जुलैचा सगळा डेटा बाद. रॅकेट मोडली. आपणहून मोडली नाही.

९ ऑगस्ट

मोजमाप गिरिजा करते. मी काठावर उभा राहून आकडे उतरवतो. तीच सहा कडी. सगळी शांत, सगळ्या रेषा सरळ, मनोऱ्याशी जुळणाऱ्या. मी दूर असलो की दलदल गुण्यागोविंदाने राहते. हे लिहायला नको होतं.

३० ऑगस्ट

मंडळात भाषण. पाय आपटला नाही. चार मिनिटांत संपलं. शोभनाकाकूंनी कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाल्या, बरं नाही का रे? आमटी सगळ्यांना गरम मिळाली.

१२ सप्टेंबर

कमिटी झाली. बाहेर बसवलं होतं तेव्हा घराचं भाडं, परतीचं तिकीट, आईला काय सांगायचं, सगळं डोक्यात येऊन गेलं. आत बोलावलं. निकाल: अजून एक उन्हाळा देतायत. प्रबंधाचा विषय बदलून. माणसाच्या पावलांनी दलदलीतून किती गॅस सुटतो आणि त्याने मोजमाप कसं बिघडतं. बाद झालेला डेटा त्यासाठी वापरता येईल. इन्ग्रिडबाई म्हणाल्या, जगात कुठल्याच दलदलीत कुणी इतका पाय आपटून त्याची नोंद ठेवलेली नाही. मी हे कौतुक म्हणून घेतलं.

शिवाय उद्या नव्या विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण आहे आणि त्यात माझं नाव आहे! बाईंनी माणूस ओळखला. तरुण रक्त, कोरी मनं, उघडं आकाश. संध्याकाळभर बसून भाषण लिहिलं, पाठ केलं, आवाज लावून पाहिला.

रात्री बाईंचा मेल आला. समजावून सांगायचं काम गिरिजा करेल. मी फळीवरून या टोकाकडून त्या टोकाला हळू चालून दाखवायचं आहे. बोलायचं नाही.